लपवलेला ताप: दोन साथी आणि आम्ही शिकलेलं थोडंसं

आजच्या व्याख्यानासाठी संयोजकांनी विषय दिला तो असा: महासाथीने आपल्याला आयुष्याबद्दल काय शिकवलं? विषय मोठा आहे आणि जरा धोक्याचाही आहे. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस अशा विषयावर उभा राहिला की बघता बघता प्रवचन सुरू होतं. माणूस निसर्गापुढे क्षुद्र आहे, पैसा शेवटी कामाला येत नाही, आपली माणसं महत्त्वाची, वगैरे. यातलं खोटं काहीच नाही. पण एवढं कळायला महासाथ कशाला हवी? तेव्हा आज प्रवचनाची वाट सोडू आणि इतिहासाची धरू.

आपण दोन साथी शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. एक १८९६-९७ चा प्लेग, दुसरी २०२० पासूनचा करोना. मध्ये सव्वाशे वर्षं. शहरं तीच, मुंबई आणि पुणे. आणि गंमत म्हणजे सरकारच्या हातातला कायदासुद्धा तोच. आम्ही बोलताना 'आम्ही' म्हणतो, ते मोठेपणाने नव्हे. साथीत एकट्याने असं काही शिकता येत नाही. त्या 'आम्ही'मध्ये आमची पत्नी आहे, आमची २४ घरांची इमारत आहे आणि ज्यांच्याकडून प्लेगच्या गोष्टी ऐकल्या ती मागची पिढीही आहे.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. साथ आली की माणूस आजार लपवतो. तो का लपवतो आणि लपवायचं केव्हा थांबवतो, या दोन प्रश्नांची उत्तरं आम्हाला दोन्ही साथींत जवळपास सारखीच सापडली. आमचा धडा म्हणाल तर एवढाच.

चला, १८९६ मध्ये. सप्टेंबर महिना, मुंबईचा मांडवी भाग. धान्याची गोदामं, दाटीवाटीच्या चाळी, दिवसाही दिवा लावावा लागेल अशा खोल्या. तिथे डॉ. अकॅसिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे डॉक्टर दवाखाना चालवत. त्यांच्याकडे चढता ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ असलेले रोगी येऊ लागले. त्यांनी निदान केलं आणि जाहीरपणे सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. मुंबई हे मोठं व्यापारी बंदर. बंदरात प्लेग आहे असं मान्य करणं म्हणजे व्यापाराला कुलूप. त्यामुळे पहिली लपवाछपवी रोग्याने केली नाही, ती वरच्या पातळीवरून झाली: हा 'गाठीचा ताप' असेल, 'प्लेग' म्हणायची घाई नको, असे शब्दांचे खेळ काही दिवस चालले. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग लोक शहर सोडू लागले. मुंबईची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. त्यातले काही लाख लोक १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत आगगाडीने, होडीने, पायी निघून गेले. गिरण्यांत माणूस मिळेना. महिन्याचा पगार महिनाअखेरीलाही हातात न ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी मोजू लागले, आणि नाक्यानाक्यावर मजुरांची बोली लागू लागली. प्लेगच्या इतिहासात हा तपशील कोपऱ्यात पडलेला असतो, पण आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे परत येऊ.

शहरात अफवांना ऊत आला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसाला मारून त्याचं तेल काढतात, असं लोक बोलत. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेला. आज आपण हसतो. पण जरा त्या जागी उभे राहा. रोगी इस्पितळात पोचायचा तोच शेवटच्या अवस्थेत, कारण तोवर घरच्यांनी त्याला लपवलेलं असायचं. शेवटच्या अवस्थेत पोचलेला मरणारच. तो मेला की अफवा खरी ठरायची, मग पुढचं घर आणखी घट्ट लपवायचं. हे चक्र. त्याला कुणा एकाचं अज्ञान म्हणून भागत नाही.

सरकारने यावर उत्तर काढलं ते सक्तीचं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमं. पण त्या चार कलमांत सरकारला जवळजवळ काहीही करण्याची मुभा होती. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले आणि १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर तपासणी करू लागल्या. माजघर, देवघर, न्हाणीघर, कशाचाच अडसर नाही. रोगी सापडला की तो इस्पितळात, घरातली बाकीची माणसं वेगळ्या छावणीत, सामान जाळायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा. मे महिन्याच्या १९ तारखेपर्यंत हे चाललं.

आमच्या आजीचं माहेर पुण्यात, कसब्यात. ती त्या वर्षी सात वर्षांची होती. तिच्याकडून आम्ही ऐकलेली गोष्ट अशी. तिच्या थोरल्या भावाला ताप आला, आणि त्याच दिवशी आळीत सोजीर शिरले. वाड्याच्या भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं. पणजीने पोराला त्या बळदात उतरवलं, वर ज्वारीचं पोतं आडवं टाकलं, आणि स्वतः समोर जात्यावर दळायला बसली. सोजीर आले, फिरले, गेले. भाऊ वाचला, कारण ताप साधा होता, गाठ आलीच नाही. आजी एवढं सांगून थांबायची नाही. त्याच दमात पुढची ओळ यायची: "शेजारच्या वाड्यातही एक ताप लपवला होता. तो साधा नव्हता. त्या घरातली चार माणसं गेली."

आम्ही नीतिशास्त्र शिकवताना कांटच्या एका निबंधापाशी नेहमी थांबायचो. १७९७ चा निबंध, म्हणजे बरोबर शंभर वर्षं आधीचा. प्रश्न असा: तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, त्याचा जीव घ्यायला आलेला माणूस दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? खोटं बोलावं का? कांट म्हणतो, नाही, तेव्हाही खोटं बोलू नये. वर्गात यावर खूप वाद व्हायचा. आमची पणजी कांट वाचलेली नव्हती, पण तिच्या दारात तोच प्रश्न उभा होता, आणि तो कांटच्या उदाहरणाहून अवघड होता. कारण तिने लपवलं तर पोरगा वाचेल, पण आळी धोक्यात येईल. खरं सांगितलं तर आळी कदाचित वाचेल, पण पोरगं हातचं जाईल. आणि दारात उभा असलेला माणूस आपल्या भल्यासाठी आलाय, असं मानायला तिच्याजवळ काहीही कारण नव्हतं.

इथे विज्ञानाची स्थितीही पाहायला हवी. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं १८९८ मध्ये, आणि ते शास्त्रज्ञांना पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९७ मध्ये माणसं छावणीत ओढून नेणाऱ्यांना मूळ वाहकच माहीत नव्हता. उलट गावोगावच्या लोकांनी अनुभवातून एक गोष्ट ताडली होती: घरात उंदीर पडला की घर सोडायचं आणि शिवारात झोपडी बांधून राहायचं. तो उपाय खरोखरच लागू पडत होता, कारण उंदीर आणि पिसवा मागे, घरातच राहत. पण लोकांना काय कळतंय ते विचारायची सोय त्या चार कलमांत नव्हती.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला मेला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण त्याच टिळकांनी त्या दिवसांत पुणं सोडलं नाही, पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर कडक टीका केली आणि रोग्यांसाठी हिंदू प्लेग इस्पितळ उभं केलं, हे आपण त्या मानाने कमी सांगतो. सहा वर्षांनी त्यांचा थोरला मुलगा प्लेगनेच गेला.

मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला इस्पितळात हलवायला पथक आलं, आणि त्यावरून दंगल पेटली. त्यानंतर सरकारने हळूहळू हात सैल केला. घरझडत्या कमी झाल्या. आपापल्या समाजाची इस्पितळं काढायला मोकळीक मिळाली, लस टोचून घेणं ऐच्छिक राहिलं. ज्या गोष्टी बंदुकीच्या जोरावर होत नव्हत्या, त्या आपली माणसं आसपास दिसू लागल्यावर थोड्या थोड्या होऊ लागल्या.

आता १३ मार्चच्या तपासणीच्या तीन दिवस मागे जा. १० मार्च १८९७. त्या दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा आजारी पडला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात पोचवलं. मुलगा जगला. त्यांना लागण झाली. त्या वेळी त्यांचं वय साठीच्या पुढे होतं.

दोन्ही ठिकाणी काम वरवर एकच आहे: रोग्याला घरातून उचलून दवाखान्यात नेणं. सोजीर तेच करत होते, सावित्रीबाई तेच करत होत्या. एकाला पाहून माणसं बळदात लपली, दुसऱ्याच्या पाठीवर बसली. फरक कशात आहे? आमच्या मते फरक धोक्याच्या वाटणीत आहे. सावित्रीबाईंनी रोग्याचा धोका आपल्याकडे घेतला. सोजिराने रोग्यालाच धोका ठरवलं.

अशीच दुसरी व्यक्ती म्हणजे वाल्डेमार हाफकिन. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप सोसला, मग इतरांना विचारलं. त्यांच्या वाट्यालाही पुढे वाईट दिवस आले. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ माणसं धनुर्वाताने दगावली, दोष हाफकिनवर आला, आणि लस बनवताना चूक झाली नव्हती हे मान्य व्हायला पाच वर्षं गेली. विश्वास जमायला वेळ लागतो, मोडायला एक बाटली पुरते. आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे.

इतका वेळ १८९७ मध्ये घालवला त्याचं कारण आता कळेल. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण सापडले, ते पुण्यातच. त्याच आठवड्यात राज्यात साथरोग कायदा लागू झाला. हो, तोच, १८९७ चा. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारू लागले. २५ मार्चपासून देश बंद झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, आणि ज्यांच्यासाठी वाजवल्या त्या नर्सना काही ठिकाणी घरमालक खोली सोडा म्हणू लागले. घरोघरी भाजी साबणाने धुतली जात होती. अर्धवट माहितीत माणूस काय काय करतो याचा नवा अध्याय लिहिला जात होता, आणि १८९७ च्या लोकांना हसायचा आपला हक्क संपत होता.

आमच्या इमारतीची गोष्ट सांगतो. जुलै २०२०. सोसायटीच्या समितीने नियम केला होता: कुणाला लागण झाली तर त्या घराचा नंबर खालच्या फळ्यावर लिहायचा. त्या घराला लिफ्ट बंद, दूधवाल्याने त्या मजल्यावर जायचं नाही. हेतू वाईट नव्हता, सगळेच घाबरलेले होते. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. रोज संध्याकाळी गॅलरीतून आमच्याशी बोलायचे. एका आठवड्यात ते गॅलरीत दिसेनात. वहिनींनी सांगितलं, पित्त झालंय. पाच दिवस ते पित्त चाललं. सहाव्या दिवशी पहाटे त्यांना धाप लागली. खाट मिळेपर्यंत दुपार झाली. चौथ्या दिवशी ते गेले. मुलगा परदेशात, त्याने सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. नंतर वहिनी एवढंच म्हणाल्या, "ते म्हणत होते, फळ्यावर आपलं नाव नको."

बळद आणि फळा. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक पडला होता. पणजीला छावणीची भीती होती, यांना शरमेची. आजार तोच एक राहत नाही. लाज, शिक्षा, बोलणी, सगळं मिळून रोग्याच्या उशाला बसतं.

लपवण्याचं तिसरं कारण आम्हाला आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी शिकवलं. इमारतीत कामाला पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, खोकला आला तरी मी सांगणार नाही. सांगितलं तर चार घरं जातात." इतकं सरळ, प्रामाणिक उत्तर आम्हाला कुठल्याही चर्चासत्रात मिळालं नव्हतं. मघाशी म्हटलं होतं, गिरणीच्या रोजच्या मजुरीकडे परत येऊ. ते हेच. ज्याचं पोट रोजच्या रोजगारावर आहे, त्याला आजारी पडणं परवडत नाही, आणि घरात बसणं तर नाहीच. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून औरंगाबादकडे रुळांवरून चालत निघालेले, थकून रुळांवरच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातली माणसं, कारखान्यात कामाला आलेली, काम बंद झाल्यावर घरी निघालेली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. 'घरात राहा, सुरक्षित राहा' हे वाक्य घर असलेल्यांनी घर असलेल्यांसाठी लिहिलं होतं, हे त्या दिवशी ज्याला कळलं नाही त्याला पुढेही कळणं कठीण आहे.

मग पुढे काय झालं? तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गेल्यावर आमच्या पत्नीने समितीपुढे चार गोष्टी मांडल्या. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, मुद्दे क्रमाने मांडायची सवय आहे. एक, फळा पुसायचा. दोन, ताप आला की दोन ठरलेल्या नंबरांवर फोन करायचा, आणि ते नाव तिसऱ्या माणसापर्यंत जायचं नाही. तीन, त्या घराला चौदा दिवस दोन वेळचा डबा इमारत देईल. दाराबाहेर स्टूल ठेवायचं, डबा त्यावर. चार, कामाच्या बायकांना आजारपणाच्या दिवसांचा पगार कापायचा नाही. समितीत कुरकुर झाली. डबा कोण करणार, पैसे कुणाचे, उद्या सगळेच ताप आला म्हणतील. शेवटी, करून बघू, यावर गाडी थांबली.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा २४ पैकी ९ घरांत ताप शिरला. नऊच्या नऊ घरांनी पहिल्या दिवशी फोन केला. एक ऑक्सिमीटर पिशवीत घालून मजल्यामजल्याने फिरायचा. मावशींनीही एका सकाळी फोन केला: "काका, कणकण आहे, आज येत नाही." इतकं साधं वाक्य. पण ते ऐकून आम्हाला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोघांना रुग्णालयात न्यावं लागलं, त्यातले एक परत आले नाहीत. तेव्हा आमचा उपाय रामबाण होता असं म्हणायची सोय नाही. फक्त लपवल्यामुळे उशीर होऊन कुणी गेलं नाही, एवढं म्हणता येतं.

डबे पोचवायला पुढे कोण झालं? जे आधी आजारी पडून बरे झाले होते ते. त्यांची भीती गेली होती. हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ही जुनी गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी ४३० मध्ये अथेन्समध्ये महासाथ आली, तिचं वर्णन थ्युसिडिडीस या इतिहासकाराने केलंय. तो स्वतः त्या रोगातून उठला होता. तो नोंदवतो की रोग्यांची आणि मरणाऱ्यांची सर्वांत जास्त कणव बरे झालेल्यांनाच होती, कारण त्यांना दुखणं माहीत होतं आणि स्वतःची धास्ती उरली नव्हती.

त्याच एप्रिलमध्ये आमच्याही घरात ताप आला. पत्नी आतल्या खोलीत, आम्ही बाहेर, मध्ये बंद दार. सतरा दिवस. सकाळी चहाचा कप दाराशी ठेवायचा, चार पावलं मागे यायचं, मग दार उघडायचं. रात्री आम्ही दाराला पाठ टेकून बसायचो, त्या आतून टेकून बसायच्या. बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या संसारात एवढ्या गप्पा क्वचितच झाल्या असतील. अंतर आणि दुरावा हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, ते किती वेगळे आहेत हे त्या दारापाशी नीट कळलं. दोन हात लांब राहूनही सोबत करता येते. आणि अंतराचं नाव घेऊन माणसाला टाकूनही देता येतं. आपल्या समाजाला या दुसऱ्या प्रकाराचा सराव फार जुना आहे, म्हणून आपण तर जास्तच सावध राहायला हवं.

आता थोडं मागे सरून पाहू. नीतीच्या पुस्तकांत खरं बोलण्याचा सगळा भार बोलणाऱ्यावर असतो. दोन साथी शेजारी ठेवल्यावर आम्हाला दिसतं की खऱ्याचा अर्धा भार ऐकणाऱ्यावर आहे. 'मला ताप आलाय' हे वाक्य कुणी केव्हा बोलेल? ते ऐकून तुम्ही काय कराल हे त्याला माहीत असेल तेव्हा. तुम्ही शिक्का माराल, नाव फळ्यावर लिहाल, पगार कापाल, की डबा आणाल? ज्या घरात, इमारतीत, शहरात खरं बोलल्याची शिक्षा होते, तिथे रोग अंधारात वाढतो. आणि हे वरपासून खालपर्यंत लागू आहे. १८९६ मध्ये बंदराच्या धास्तीने 'प्लेग' हा शब्द टाळणारे अधिकारी आणि 'पित्त झालंय' म्हणणारं घर, दोघांचं कारण जातीने एकच.

हे फक्त साथीपुरतं नाही, हेही जाता जाता सांगतो. मुलगा परीक्षेत नापास झाल्याचं घरी लपवतो, शेतकरी कर्जाचा आकडा बायकोपासून लपवतो, म्हातारा माणूस विसरायला लागल्याचं मुलांपासून लपवतो. आम्ही आता घरात एक नियम पाळतो. कुणी वाईट बातमी सांगितली की पहिलं वाक्य 'असं कसं झालं?' हे नाही. पहिलं वाक्य 'बरं झालं सांगितलंस.' करून पाहा. अवघड आहे.

शेवटचा मुद्दा आठवणीचा. प्लेगनंतर वीस वर्षांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ आली. जूनमध्ये मुंबईत शिरली, सप्टेंबर-ऑक्टोबरात भडकली. देशात कोटीहून जास्त माणसं गेली. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आणि तरी घराघरांत प्लेगच्या गोष्टी जेवढ्या ऐकल्या, तेवढ्या त्या साथीच्या ऐकू येत नाहीत. का? प्लेगला रँड होता, गोळी होती, खटला होता. १९१८ ला राग धरावा असा चेहरा नव्हता. आपली स्मृती खलनायक धरून ठेवते आणि शुश्रूषा करणाऱ्याला सोडून देते. रँड कुठे पडला ते आपण दाखवू शकतो. पांडुरंग गायकवाडचं पुढे काय झालं, तो किती वर्षं जगला, हे किती जणांनी विचारलं?

करोनाच्या बाबतीतही हेच होणार, त्याची चिन्हं दिसू लागली आहेत. तो विषय काढला की लोक म्हणतात, सोडा ना आता. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, पुण्यातच बनलेल्या लसीने देशाला मोठा आधार दिला, त्या आनंदात मधले महिने पुसले गेले. विसरणं स्वाभाविक आहे. पण आमची एक विनंती आहे आणि ती करून आम्ही थांबतो. ज्यांनी ही वर्षं काढली त्या प्रत्येक घराने एक पान लिहावं. मोठं साहित्य नको. तीन प्रश्न पुरेत: आपल्याकडे ताप आला तेव्हा पहिल्यांदा कुणाला सांगितलं? कुणाला सांगितलं नाही, आणि का? दाराशी कोण आलं? हे पान नातवंडांसाठी ठेवा. पुढची साथ केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती येईल तेव्हा एखाद्या पोराला बळदात उतरवायची वेळ कुणावर येऊ नये, यासाठी ते पान उपयोगी पडेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, आपल्याकडे अजून थोडा वेळ आहे.